रेंज फुल्ल, तरी पैसे अडकले

प्रश्न : देवगड तालुक्यात माझं किराणा दुकान आहे. पावसाची मोठी सर आली की फोनला रेंज फुल्ल दिसते, पण गिऱ्हाइकाने क्यूआर स्कॅन केला की चक्र नुसतं फिरत बसतं. सर ओसरली की पाच-दहा मिनिटांत सगळं सुरळीत. दिवसभर रिपरिप असली तर मात्र काही अडत नाही. वीजही गेलेली नसते. टॉवरमध्ये पाणी शिरतं का? की फोन बदलू?
– एक दुकानदार

उत्तर : फोन बदलू नका, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. रेंजच्या दांड्या फक्त तुमचा फोन ते टॉवर एवढ्याच टप्प्याचं सांगतात. त्या टप्प्यात, समजा १८०० मेगाहर्ट्झवर, लहरीची लांबी साधारण १७ सेंटिमीटर. पावसाचा मोठ्यात मोठा थेंब ५-६ मिलिमीटरचा. एवढ्या लांब लहरीला तो जाणवतच नाही.

अडतं ते पुढे. जिथे फायबर पोचलेली नाही, तिथे टॉवर समोरच्या डोंगरावरच्या टॉवरशी रेडिओलहरींनी बोलतो; या जोडणीला ‘लिंक’ म्हणतात. मान वर करून बघा, टॉवरवर पांढरा, डफासारखा गोल ‘ड्रम’ दिसेल. खाडीपलीकडे रोखलेला असेल. ही लिंक १५ गिगाहर्ट्झवर असेल, तर लहर २ सेंटिमीटरचीच. तिला थेंब भिडतात, थोडी ऊर्जा गिळतात, थोडी भलतीकडे उधळतात. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने सर कोसळत असली की दर किलोमीटरला ६ ते ८ डेसिबल जातात. म्हणजे किलोमीटरभरात निघालेल्या शक्तीचा चौथा ते सहावा हिस्साच शिल्लक. तोच पाऊस ७ गिगाहर्ट्झला दीड-पावणेदोन डेसिबलवर सोडतो. लांब पल्ल्याला खालची फ्रीक्वेन्सी घेतात, ती यासाठीच.

माझी बरीच वर्षं अशाच टॉवरखालच्या यंत्रांच्या केबिनांत गेली. बाहेर खडखडीत असताना मीटरवर येणाऱ्या सिग्नलच्या जोराचा आकडा उणे ४२ (उणे जितका मोठा, सिग्नल तितका क्षीण). समोरचा डोंगर पांढरा होऊन दिसेनासा झाला की मी चहा बाजूला ठेवायचो. उणे ५५, उणे ६८... उणे ७५ च्या आसपास लिंक बसायची. बाहेर पागोळ्या गळतच असायच्या, तोवर आकडा परत चढू लागलेला असायचा. नव्या यंत्रणा आधी वेग उतरवून तग धरतात, त्यामुळे तुमचं चक्र फिरत राहतं. आमच्या वेळी सरळ ठप्प.

म्हणून दिवसभरात किती पडला हे विचारू नका, किती जोरात पडला ते विचारा. आषाढातली झड चार दिवस चालली तरी लिंक उभी, आणि वीस मिनिटांची एक सर तिला झोपवते. त्यातही लिंक दहा किलोमीटरची असली तर अख्ख्या वाटेवर पावसाचा सारखा जोर नसतो, नाहीतर कोकणात पावसाळाभर कोणाची लिंक टिकली नसती. आणखी एक गंमत : मोठा थेंब पडताना गोल राहत नाही, खालून चपटा होतो. त्यामुळे आडव्या डोलणाऱ्या लहरींची घट जास्त, उभ्या डोलणाऱ्यांची कमी. लहर डोलण्याच्या या दिशेला ध्रुवीकरण म्हणतात. ड्रम बसवताना आम्ही शक्यतो उभंच ध्रुवीकरण घ्यायचो.

याचा सदुपयोगही झालाय. हागित मेसर यांच्या इस्रायली गटाने २००६ साली टॉवरच्या लिंकांची घट उलटी वापरून पाऊसच मोजून दाखवला.

तुम्ही काय करायचं? दुसरं सिम घ्या, पण ते कुठल्या टॉवरवर लागतं आणि त्या टॉवरला फायबर आहे का, हे आधी विचारा. एकाच डोंगरावरची दोन सिमं एकदमच बसू शकतात. फायबरला पावसाचं भय नाही. तिचं वैर रस्ता खणणाऱ्या जेसीबीशी. आणि गल्ल्यात दहा-वीसच्या सुट्या नोटा ठेवा. वीज जाऊन टॉवरची बॅटरी उतरली तर मात्र दांड्याही गायब होतात, आणि सर थांबली म्हणून त्या परत येत नाहीत. तशी तक्रार असेल तर पुन्हा लिहा.