छपरापासून सुरुवात कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

लातूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेचं काम तुझ्याकडे आलं, याचा मला फार आनंद झाला. नकाशे पाहिले. एस्टिमेटमध्ये 'सौर पॅनेल' आणि 'दिव्यांगांसाठी सुविधा' हे खर्चाचे दोन हेड तू अगदी शेवटी धरले आहेस. तिथेच राहिले तर निधी कमी पडताच पहिली कात्री त्यांनाच लागेल. ऊन, वारा, उजेड, आवाज आणि मूल यांचा विचार एकाच सेक्शनवर, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाच्या नकाशावर कर, एवढंच माझं सांगणं आहे. वर्ग थंड ठेवणारा निर्णय आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलाला वर्गात टिकवणारा निर्णय बहुतेक वेळा एकच असतो.

सुरुवात छपरापासून कर. बैठ्या इमारतीत ऊन सगळ्यात जास्त वरून येतं. मराठवाड्यातली जुनी माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं, थंड असायची खरी, पण दगडी भिंतींवरचा तो मातीचा भार 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात झोपलेल्या माणसांच्या अंगावर आला. त्यामुळे जड छपराच्या मोहात पडू नकोस. स्लॅबवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर दे, नाहीतर स्लॅबपासून दीड-दोन फूट उचलून वर पत्रा घाल आणि मधून वारा खेळू दे. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या गांदो गावात वास्तुकार दियेबेदो फ्रान्सिस केरे यांची 2001 साली पूर्ण झालेली शाळा याच तत्त्वावर उभी आहे: खाली विटांचं छत, त्यावर उचललेला पत्रा. त्या शाळेला 2004 मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. तिथलं विटांचं छत आपल्या भूकंपाच्या पट्ट्यात मात्र आणू नकोस. मधली हवा तेवढी घे.

आता हे छप्पर कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या उपयोगी कसं पडतं ते बघ. वर्ग तापला की पंखे पूर्ण वेगात फिरतात. श्रवणयंत्र बाईंचा आवाज मोठा करतं, तसाच पंख्याची घरघर आणि बाकांची खरखरही मोठी करतं. त्यात उघडा स्लॅब आणि गिलावा केलेल्या कोऱ्या भिंती असल्या की प्रत्येक शब्द घुमतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये वर्गातल्या मागच्या आवाजासाठी 35 डेसिबल आणि आवाज घुमत राहण्यासाठी सुमारे 0.6 सेकंद ही मर्यादा सुचवली होती. छप्पर थंड असेल तर पंखा हळू फिरवून भागतं. मागच्या भिंतीवर आणि बाजूच्या भिंतींच्या वरच्या भागात सॉफ्टबोर्ड लाव, त्यावर मुलांची चित्रं लागतील आणि घुमणंही कमी होईल. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घे. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, हा 30 च्या आसपास. मग सौर पॅनेलही थोडीच लागतात. बिल थकून जोडणी तुटलेल्या शाळा तू पाहिल्याच असतील.

खिडक्यांबद्दल. पहिली-दुसरीची मुलं बस्करावर जमिनीवर बसतात आणि आपण कठडा तीन फुटांवर धरतो. वारा त्यांच्या डोक्यावरून निघून जातो. कठडा दोन फुटांवर आण, गज बसव. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेव, व्हरांडा उत्तरेला घे. दक्षिणेच्या खिडकीला वरच्या कडेलगत दोन फुटांचा छज्जा दिलास, तर लातूरच्या अक्षांशावर 21 मार्चच्या भर दुपारी त्याची सावली सहा फूट खाली उतरते, म्हणजे चार फुटांची खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात मात्र तीच सावली सव्वादोन फुटांपर्यंतच येते आणि खालच्या भागातून ऊन आत शिरतं. ते ऊन कमी दिसणाऱ्या मुलाच्या वहीवर पडलं तर अक्षरं चमकून पुसल्यासारखी होतात. त्याची जागा उत्तरेच्या बाजूला, फळ्याजवळ असावी. फळ्याच्या भिंतीला खिडकी अजिबात नको.

तुझ्या नकाशात एक गोष्ट मला फार खटकली. वर्गाच्या खिडक्यांची झडपं व्हरांड्यात उघडतात. न दिसणारं मूल भिंतीला हात लावत चालतं, काठी जमिनीवर फिरवतं. डोक्याच्या उंचीवर उघडं असलेलं लोखंडी झडप त्याला कळणारच नाही. त्या बाजूला सरकत्या खिडक्या दे. चपलांचा रॅक आणि पाण्याची टाकीही चालण्याच्या वाटेतून हलव, भिंतीत कोनाडा काढ.

रॅम्पसाठी तू आठ फूट जागा ठेवली आहेस. जोतं दीड फुटाचं आहे, 1:12 चा उतार (बारा फुटांत एक फूट चढ) धरला तर अठरा फूट लागतात. आठ फुटांत व्हीलचेअरवरचं मूल स्वतःहून चढू शकत नाही, कुणीतरी ढकलावं लागतं. त्यापेक्षा दारासमोर भराव टाकून अंगणालाच 1:20 चा उतार दे, तीस फुटांत काम होतं. पावसाचं पाणी जोत्याकडे येऊ नये म्हणून दोन्ही कडांना नाली काढ. सगळी मुलं एकाच वाटेने, एकाच दारातून आत जातील. मागच्या बाजूचा वेगळा रॅम्प मला मुळीच पटत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात 2009 पासून अडथळारहित प्रवेश आहे, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही इमारत सुगम असण्याची अट आहे. अधिकाऱ्यांपुढे हे दोन्ही ठेव, ऐकतील.

शौचालय मात्र स्वतः तपास. रॅम्प व्हरांड्यापर्यंत नेऊन शौचालयाला चार इंचाची पायरी ठेवलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. दार तीन फुटांचं, बाहेर उघडणारं. आत व्हीलचेअर वळायला पाच फुटांची मोकळी जागा, आधाराचे दांडे काँक्रीटमध्ये पक्के. आणि तिथे झाडू-बादल्या ठेवायची वेळ येऊ नये म्हणून शेजारीच साहित्याची छोटी खोली काढ. ती नसली की पहिल्याच महिन्यात त्या शौचालयाला कुलूप लागतं.

नकाशे घेऊन त्या केंद्राच्या विशेष शिक्षकांना भेट, शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांशीही बोल. मग सुधारलेला सेक्शन मला पाठव, एस्टिमेट वर जाण्याआधी.

तुझे,
सर