एलएलबी झालं, आता आधी काय?

प्रश्न: ताई, इंदूरातूनच एलएलबी झालं. आई म्हणते जज हो, पण सनद (वकील म्हणून नोंदणी) आधी की एआयबीई (अखिल भारतीय बार परीक्षा), तेच कळेना. – एक वाचक, राजवाडा

उत्तर: आधी सनद गं! जबलपूरच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदव, फी सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये ७५० वर आणलीय (एससी-एसटीला १२५), कोणी हजारो मागितले तर सरळ निकाल दाखव. मग एआयबीई, त्यात बेअर अ‍ॅक्ट (कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराची पुस्तकं) नेता येतात, फक्त आत हाताने काही लिहिलेलं नको. जजसाठी मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षं वकिली लागते नि ती कच्च्या (एआयबीईआधीच्या तात्पुरत्या) नोंदणीपासूनच मोजतात, म्हणून टाळाटाळ नको. ज्याच्या हाताखाली शिकशील तो सीनियर वकील मात्र स्वतः उलटतपासणी घेणारा बघ, नुसत्या तारखा घेणाऱ्याकडे डायरी सांभाळून काय शिकणार?