क्लिनिकल सोशल वर्कर म्हणजे नेमकं कोण? आणि 'स्ट्रेंथ-बेस्ड' थेरपीत करतात तरी काय?

तुमच्या बहिणीला डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला क्लिनिकल सोशल वर्करकडे पाठवलंय आणि तुमचा प्रश्न आहे की समाजसेवक काय थेरपी करणार. मी हेच काम करते. माझ्या सासरी अजूनही मी 'कुठल्याशा एनजीओत' असते, तेव्हा रागावत नाही.

शिक्षणाचं आधी. अमेरिकेत या कामासाठी त्या-त्या राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात याच कामासाठी 'सायकिअॅट्रिक सोशल वर्कर'ची व्याख्या आहे : एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल. पाटीवर काहीही असो, पदवी खुशाल विचारा. औषधं आम्ही देत नाही. आणि हे खूळ नवं नाही. मुंबईत आजच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने मुलांसाठीचं चाइल्ड गायडन्स क्लिनिक १९३७ सालीच काढलं होतं.

'स्ट्रेंथ-बेस्ड'चा विचार १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात आकाराला आला. चार्ल्स रॅप, डेनिस सॅलीबी ही त्यातली नावं. गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसांची फाइल नुसत्या दोषांनी भरलेली असते. त्यांना जमतं काय, त्यांचं माणूसबळ कोण, हे त्यात कुणी लिहीतच नाही, इथून त्यांनी सुरुवात केली.

मला वाटायचं, म्हणजे कौतुक करायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक बाई यायच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). डिप्रेशन, गोळ्या चालू, तोंडी एकच वाक्य : 'मला काही जमत नाही.' मी म्हणायची, 'अहो ताई, किती धीराच्या आहात तुम्ही!' त्या खिडकीबाहेर बघायच्या. दोन भेटी अशाच वाया.

तिसऱ्या भेटीत त्यांचा फोन वाजला. भिशीचा. बारा बायकांची भिशी नऊ वर्षं त्या सांभाळत होत्या. कुणाचा नंबर कधी लागला, कुणाचे पैसे राहिलेत, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, 'एखादीचा हप्ता चुकायला लागला, तर तुम्हाला कसं कळतं?' पहिल्यांदाच त्या सलग पाच मिनिटं बोलल्या. मग म्हटलं, तशीच एक वही स्वतःसाठी काढायची का? झोप किती, जेवण झालं की नाही, रडू कधी आलं. रकाने त्यांनीच आखले. महिन्याभराने त्यांनीच दाखवलं : नवऱ्याची रात्रपाळी असते त्याच आठवड्यात सगळं ढासळतं. एकटीला झोप लागत नाही, सकाळी स्वयंपाक होत नाही, दुपारी गोळी चुकते. उपायही त्यांचाच, भिशीतली एक मावशी त्या आठवड्यात रात्री झोपायला येऊ लागली. मी फक्त गोळीची वेळ डॉक्टरांशी बोलून बदलून घेतली.

नवऱ्याची रात्रपाळी काही सुटली नाही. घरात मारहाण असती, तर वही बाजूला ठेवून आधी त्यांच्या सुरक्षिततेचं बघितलं असतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील, तर तेही आधी. तसं काही बहिणीच्या बाबतीत असेल तर भेटीची वाट बघू नका, १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) नंबरवर लगेच फोन करा, तो मोफत आहे.

पहिल्या भेटीत सोशल वर्करने बहिणीला 'घरात तुम्ही काय-काय सांभाळता?' असं विचारलं, तर नुसत्या गप्पा चालल्यात असं समजू नका. आणि तुम्ही सोबत जाणार असाल, तर उत्तर तिला देऊ द्या.