मराठीच्या तासाला प्रकल्प आणि मोबाइलवरचं शिकणं एकत्र कसं बसवायचं?

तुम्ही विचारलंय की नववीच्या मराठीला प्रकल्पही द्यायचाय आणि वरून 'ब्लेंडेड लर्निंग करा' (म्हणजे थोडं वर्गात, थोडं ऑनलाइन शिकवा) असं सांगितलंय, तर दोन्ही जमवायचं कसं. मी पण मराठीच शिकवते, आमच्याकडे जे चालतं ते सांगते.

दोन्ही वेगवेगळं धरूच नका, नाहीतर प्रकल्प म्हणजे चार्टपेपरवर चिकटवलेली चित्रं (निम्मी आईने कापलेली) आणि ऑनलाइन म्हणजे ग्रुपवर टाकलेली यूट्यूबची लिंक असं होऊन बसतं. काम एकच घ्या, त्यातलं ऐकणं, रेकॉर्डिंग घरी ढकला, लिहिणं आणि खाडाखोड मात्र वर्गातच, कारण पोरं तिथेच अडतात.

आम्ही मुलाखती घेतल्या. एका गटाने एसटीचे कंडक्टर काका गाठले. पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्हाला कंडक्टर का व्हावंसं वाटलं?" काका म्हणाले, "पोटासाठी." संपलं! मग एकीने विचारलं मुक्कामी गाडी घेऊन गेल्यावर जेवता कुठे, तर काका जे सुटले ते थांबेचनात. हे रेकॉर्डिंग वर्गात ऐकवलं आणि बाकीच्या गटांनी आपापले प्रश्न गुपचूप बदलले, मला वेगळं काही शिकवावंच लागलं नाही.

मग ते ऐकून पोरांनी व्हॉइस टायपिंगने उतरवून काढलं, आलं काय तर पानभर सलग मजकूर, ना पूर्णविराम ना अवतरणचिन्ह. त्याचीच प्रिंट वाटली आणि नुसती विरामचिन्हं घालायला लावली, काय भांडली पोरं एकेका स्वल्पविरामावरून!

प्रत्येकाकडे फोन असेल असं मात्र धरू नका, घरात एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर. गटाला एक पुरतो, फक्त मुदत आठवडाभराची द्या. पुस्तकातले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर उघडतात, व्हिडिओ आधी डाउनलोड करून ठेवला की वर्गात नेट नसलं तरी चालतं, पण सगळे दाखवत बसू नका.

मुख्याध्यापक पोर्शनचं विचारतीलच. मुलाखतीवरून बातमी लिहून घेतली की उपयोजित लेखनातलं बातमीलेखन त्यातच उरकतं, आणि 80 लेखी मार्क सोडून जे 20 अंतर्गत असतात त्यातही हे धरता येतं. मार्क देताना पहिला कच्चा खर्डा आणि शेवटचा असे दोन्ही जमा करून घ्या, नुसत्या सुबक फाइलला मार्क दिलेत तर पुढच्या वेळी ती पालकच करून पाठवतात.