पदर उलटून दाखवा

प्रश्न : नाशिकमध्ये आमचे साड्यांचे दुकान आहे. वडिलांच्या पश्चात दोन वर्षांपासून मी गादीवर बसतो. येवल्याची हातमागावरची पैठणी उघडली की गिऱ्हाईक मन लावून पाहते, पण किंमत ऐकताच ‘अशीच साडी पलीकडे चार हजारांत मिळते’ असे म्हणून उठते. घासाघिशीत दोन-तीन हजार उतरवूनही उपयोग होत नाही. माझ्या बोलण्यात काय चुकते? व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणाऱ्यांशी कसे बोलावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘पलीकडे चार हजारांत मिळते’ असे म्हणणाऱ्या ताई खरे तर तुम्हाला विचारत असतात, की या दोन साड्यांत फरक काय? त्याचे उत्तर न देता तुम्ही भाव उतरवता, आणि मिनिटभरात तीन हजार कमी झाले की आधी सांगितलेला भाव वाढवून सांगितला होता, असाच अर्थ त्या काढतात. मग उरलेल्या भावावर तरी त्यांचा विश्वास कसा बसावा?

किंमत सांगण्याआधी पदर उलटा करून त्यांच्या हातात द्या. पारंपरिक पैठणीच्या पदरातला मोर किंवा असावलीची वेल विणताना प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी असते आणि विणकर एका रंगाचा धागा शेजारच्या रंगात गुंतवत पुढे जातो. त्यामुळे नक्षी मागूनही पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत मागच्या बाजूला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. जवळ तशी एक साडी ठेवा आणि दोन्ही पदर शेजारी उलटे मांडा. मात्र हातमागावर जॅकार्ड (नक्षीसाठी ताण्याचे धागे आपोआप उचलणारे साधन) लावून विणलेल्या ब्रोकेड पैठणीची मागची बाजूही इतकी स्वच्छ नसते, तेव्हा आपल्याकडचा माल कोणत्या विणीचा आहे हे आधी विणकराकडून समजून घ्या. दुकानदाराचे अर्धवट ज्ञान गिऱ्हाइकाच्या लगेच लक्षात येते.

मी कापडाच्या दुकानात उमेदवारी करत होतो तेव्हाची गोष्ट. एक आजी नातीच्या लग्नासाठी पैठणी पाहत होत्या आणि मी रेशीम, जर, काठ असे एकामागून एक सांगत सुटलो होतो. शेठनी माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवले. आजींनी पदर उलटला, बांगडीच्या गोलात विणलेल्या मोरावरून अंगठा फिरवला, नातीच्या खांद्यावर पदर टाकून पाहिला आणि मग विचारले, “हा विणायला किती दिवस लागले?” शेठनी शांतपणे दिवस सांगितले, त्यानंतर किंमत सांगितली, आणि ती साडी त्याच भावाने गेली. गिऱ्हाइकाचा हात कापडावर असताना आपण गप्प बसावे, हे मी त्या दिवशी शिकलो आणि आजही ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

सुरुवातीलाच ‘बजेट किती?’ असे विचारू नका, कारण त्याने माणूस अवघडतो. कार्य कोणाचे, साडी कोण नेसणार, घरात आधीची पैठणी कोणत्या रंगाची आहे, हे विचारा. त्यावरून तीन साड्या निवडता येतात. तीस घड्या मोडल्या की तुमचाही गोंधळ होतो आणि त्यांचाही. ज्यांना खरोखर चार हजारांतलीच साडी हवी आहे, त्यांना सेमी पैठणी, म्हणजे पैठणीसारखी दिसणारी स्वस्त साडी, ‘सेमी’ म्हणूनच, तितक्याच आदराने दाखवा आणि तिला नावे ठेवू नका.

शिक्क्यांविषयी बोलताना नेमके बोला. २००४ मध्ये सुरू झालेले सिल्क मार्क शुद्ध रेशमाची ग्वाही देते, पण साडी हातमागावरची आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी २००६ पासून हँडलूम मार्क आहे. हा फरक तुम्ही आपणहून सांगितलात तर पुढचे तुमचे प्रत्येक वाक्य ऐकले जाईल. जरीची तार चांदीची आहे की साधी, हेही न विचारता सांगा आणि बिलावर लिहून द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता ‘किंमत?’ असा निरोप आला तर किंमत टाळू नका; ‘इनबॉक्समध्ये सांगतो’ या उत्तराचा लोकांना वीट आला आहे. किंमत लिहा आणि सोबत तीन छायाचित्रे पाठवा : दिवसाच्या उजेडातली पूर्ण साडी, पदर समोरून आणि तोच पदर मागून. धूप-छाँव, म्हणजे दुरंगी झाक असलेल्या रेशमाचा रंग फोनवर वेगळा दिसतो, हे त्याच निरोपात लिहा, आणि शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर साडी खिडकीशी नेऊन हलवून दाखवा.