मनास्लूला जाऊ का?

प्रश्न: मी सोलापूरचा, वय 34, रोज सिद्धेश्वर तलावाकडं पळायला जातो. एजन्सीवाले म्हणतात पैसे भरा, पुढच्या वर्षी नेपाळमधलं मनास्लू शिखर करू. जाऊ का?

उत्तर: एवढ्यात नको हो. मनास्लू 8163 मीटर, सोलापूर जेमतेम साडेचारशे, वर ऑक्सिजन इथल्या निम्म्याहून कमी मिळतो आणि गाईड काय तुमच्या वाटचा श्वास घेणार नाही. आधी उत्तरकाशीला निमचा (नेहरू गिर्यारोहण संस्थेचा) बेसिक कोर्स करा, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे बर्फातले खिळे) घालून चालणं, दोराला जुमार (दोरावर वर सरकणारी पकड) लावणं, जाड ग्लोव्हज न काढता कॅरॅबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) उघडणं, हे सगळं हातात बसू दे, मग एखादं सहा-सात हजार मीटरचं शिखर. तोवर पहाटे वजनाची सॅक घेऊन जिने चढा. एजन्सीला विचारा, माणशी शेर्पा किती, शिखर चढायच्या दिवशी किती वाजता परत फिरवणार? गोलमाल उत्तर आलं तर एक रुपया भरू नका.