निकाल राखीव, जॉइनिंग तोंडावर: धावपळ कुठे करायची आणि कुठे नाही

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि जुनं सगळं पुन्हा वर आलं. मुलगी बीई, कॅम्पसमधून ऑफर हातात, जॉइनिंग महिन्यावर आणि सातव्या सेमिस्टरचा निकाल 'राखीव', म्हणजे जाहीर न करता रोखून ठेवलेला. तोवर एका छोट्या फर्ममधलं काम घ्यावं का, हाही तुमचा प्रश्न. कॉलेज म्हणतं विद्यापीठात जा, विद्यापीठ म्हणतं कॉलेजमार्फत या. नावगाव बदललं तर ही माझीच गोष्ट आहे. फरक एवढाच की आता मी टेबलाच्या पलीकडे बसते, एका कंपनीत नव्याने लागणाऱ्या मुलांची कागदपत्रं तपासते. त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडं थोडं सांगता येईल.

रेझ्युमे, मुलाखत, इंग्रजी यावर काही लिहीत नाही. ते तिला जमलंय म्हणूनच ऑफर आहे.

राखीव म्हणजे नापास नव्हे, हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. कारण बहुतेक वेळा फुटकळ असतं. टर्मवर्कचे (वर्षभराच्या कामाचे) मार्क कॉलेजने चढवलेले नसतात, प्रॅक्टिकलला हजर असून गैरहजर लागलेलं असतं, उत्तरपत्रिकेवरचा सीट नंबर जुळत नाही, नाहीतर प्रवेशाच्या पात्रतेचं प्रकरण लटकलेलं असतं. हे शेवटचं डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या किंवा दुसऱ्या बोर्डातून आलेल्या मुलांच्या बाबतीत जास्त दिसतं. कुठलातरी दाखला प्रवेशाच्या वेळी द्यायचा राहतो आणि त्याची आठवण थेट शेवटच्या वर्षी होते. म्हणून खिडकीवर "निकाल का राखीव?" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. "कुठल्या विषयाचे, कुठल्या हेडचे (लेखी, प्रॅक्टिकल की टर्मवर्क) मार्क दिसत नाहीत?" असं विचारा.

माझ्या वेळी टर्मवर्कच्या यादीत माझ्या नावापुढचा रकाना कोरा गेला होता. सरांनी मार्क दिलेले, डिपार्टमेंटच्या रजिस्टरमध्ये दिसत होते, यादीत मात्र नाहीत. कॉलेजच्या परीक्षा विभागातले गृहस्थ मान वर न करता "वरून यायचंय" म्हणायचे. वर, म्हणजे विद्यापीठात, गेलं की "कॉलेजचं पत्र आणा". हातापाया पडून पत्र मिळवलं. खिडकीतल्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत सरकवलं, जावक क्रमांक नव्हता. पुन्हा कॉलेज. जावक रजिस्टर ज्या कपाटात, त्याची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. क्रमांक पडला, पत्र पुन्हा नेलं, तर विषयाचा कोड नव्या पॅटर्नचा (अभ्यासक्रमाचा) आणि मी जुन्या पॅटर्नची. तेही आधीच्या खेपेला त्याच बाईंच्या डोळ्यांसमोर होतं, पण तेव्हा जावक क्रमांकावरच गाडी थांबली होती. या सगळ्यात जॉइनिंगची तारीख निघून गेली. कंपनी म्हणाली पुढच्या बॅचला घेऊ, आणि ती बॅच कधी निघालीच नाही. निकाल लागला तेव्हा फर्स्ट क्लास होता, दाखवायला कंपनी नव्हती.

कोऱ्या रकान्याचा मला राग नाही, माणसाच्या हातून एखादा रकाना राहतो. पत्रात काय काय लागतं ते एकदाच, एकत्र, कुणीही सांगितलं नाही, याचा राग अजून आहे. दर खेपेला एकच त्रुटी दाखवायची आणि पुढची पुढच्या खेपेला. आणि कॉलेजं ग्रूमिंग सेशन घेतात, टाय कसा बांधायचा ते शिकवतात, पण अर्ज कसा लिहावा, पोच कशी घ्यावी हे शिकवावं असं कुणाला वाटत नाही. असो.

तर पत्र असं करून घ्या. कॉलेजच्या लेटरहेडवर, विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे. मुलीचं नाव मार्कशीटवर आहे अगदी तसंच. पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), सीट नंबर, सेमिस्टर, परीक्षेचा महिना-वर्ष, पॅटर्न, विषयाचा कोड, आणि मार्क अंकी आणि अक्षरी दोन्ही. प्राचार्यांची सही-शिक्का, जावक क्रमांक, तारीख. मूळ मार्कयादीची साक्षांकित प्रत सोबत. हे सगळं दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर विद्यापीठाच्या आवक विभागाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. हेच पत्र कॉलेजच्या अधिकृत मेलवरूनही पाठवायला लावा. तोंडी मिळालेलं "होऊन जाईल" हे उत्तर धरूच नका.

आता टेबलाच्या माझ्या बाजूने. अशी मुलं आमच्याकडे दर वर्षी येतात. जे आधी कळवतात त्यांच्यासाठी काहीतरी करता येतं. जे जॉइनिंगच्या सकाळी सांगतात त्यांच्यासाठी मनात असूनही हात बांधलेले असतात. ऑफर लेटरमध्ये बहुधा 'सर्व विषय उत्तीर्ण' अशी अट असेल, ती नीट वाचा. मग आजच मेल: परीक्षा सगळ्या दिल्या आहेत, निकाल प्रशासकीय कारणासाठी राखीव आहे, पाठपुरावा चालू आहे, निकाल लागताच सादर करीन अशा हमीपत्रावर रुजू करून घेता येईल का किंवा तारीख पुढे मिळेल का. सोबत कॉलेजचं तेवढ्याच मजकुराचं पत्र. हमीपत्र चालेलच असं नाही, प्रत्येक कंपनीचं धोरण वेगळं, मी फक्त आमच्याकडचं बघून बोलतेय. मेल मात्र मुलीच्या नावाने, मुलीनेच लिहिलेला. पालकांचा मेल आला की उमेदवाराबद्दल नकळत मत बनतं. ते बरोबर आहे असं माझं म्हणणं नाही, पण बनतं.

आणि कुणी "प्रिंट ॲडजस्ट करून देतो", म्हणजे खोटी मार्कशीट बनवून देतो, म्हणालं तर त्याच्या वाटेलाही जाऊ नका. मार्कशीटची पडताळणी थेट विद्यापीठाकडून होते. वर्षभराने उघड झालं तरी नोकरी जाते, आणि तो गुन्हा आहे तो वेगळाच.

नियमांचं बोलायचं तर (मी वकील नाही, खात्री करून घ्या) महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ८९ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना हा कायदा लागू नाही. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) विद्यार्थी तक्रार निवारणाचे २०२३ चे विनियम आहेत. त्यांत निकालाला वेळापत्रकापेक्षा उशीर होणं ही तक्रार मानलेली आहे. तक्रार समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, समाधान झालं नाही तर पुढे विद्यापीठाचे लोकपाल. माहिती अधिकारात १० रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत, म्हणजे उत्तर येईपर्यंत मुलीची जॉइनिंगची तारीख टळलेली असेल. तरीही अर्ज टाका. "का" विचारू नका, "अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर कोणत्या तारखेला, कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने काय कार्यवाही केली, त्याच्या नोंदीच्या प्रती द्या" असं मागा. असा अर्ज आत गेला की फाइल शोधली जाते, हा निदान माझा अनुभव. म्हणून तर तो आवक शिक्का हवा.

पोस्टमध्ये पॅकेजचा आकडा लिहिलाय तो सीटीसी आहे, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, हातात तेवढे पडणार नाहीत. त्यात बेसिकच्या १२ टक्के कंपनीचा पीएफ आणि बहुधा ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीही मोजलेली असते. ही ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारणपणे ५ वर्षं झाल्यावरच मिळते. तिचा स्वतःचा पीएफ आणि लागू असेल तर व्यवसाय कर आणखी वेगळा कापला जातो. खोलीचं भाडं ठरवताना हातात येणारी रक्कम धरा.

तुमच्या पोस्टखाली एकाने 'बाँडला (ठरावीक वर्षं नोकरी, नाहीतर पैसे भरा, या कराराला) कायद्यात काही किंमत नसते' असं छातीठोक लिहिलंय. तसं नाहीये. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ वर्षं नोकरी, नाहीतर २ लाख रुपये ही अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती आणि निकालात त्याचा विचार झालाय, त्यामुळे प्रत्येक बाँड टिकेल असंही नाही. पण "सही कर, काही होत नाही" हा सल्ला मी माझ्या भावालाही देणार नाही.

अजून एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, हे सर्रास असतं. तेवढ्याने सहसा अडत नाही. पण आधार, पॅन आणि मार्कशीटवर स्पेलिंग वेगळं असेल, वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि एकीकडे नुसतं अक्षर असेल, तर पीएफ खात्याच्या वेळी डोकेदुखी होते. ते या मोकळ्या महिन्यात दुरुस्त करून घ्या.

राहिला शेवटचा प्रश्न, तोवर त्या छोट्या फर्ममधलं काम घ्यावं का. घ्यावं, माझं मत. घरात बसून पोर्टल रिफ्रेश करण्यापेक्षा बरं. नेमणुकीचं पत्र घ्यायचं, पगार बँकेतूनच घ्यायचा, आणि निघताना रिलीव्हिंग लेटर मागायचं. २० पेक्षा कमी माणसं असतील तर फर्मला पीएफ सहसा लागू नसतो. लागू असला तर तिथे निघेल तोच यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) पुढच्या कंपनीत द्यायचा, नवा काढू द्यायचा नाही. आणि मोठ्या कंपनीच्या फॉर्ममध्ये आधीची नोकरी विचारली तर हे कामही लिहायचं. इतक्या थोड्या दिवसांच्या नोकरीचं कुणाला काही वाटत नाही, ती लपवलेली सापडली की मात्र आम्हाला फाइल वर पाठवावी लागते.